साहित्यावर लिहिताना क्रियापद कोणत्या काळात ठेवायचं? (पुस्तक परिचय, समीक्षा, रसग्रहण)

मुद्रितवाचक:
दिवाळी अंकांचं काम सुरू झालं की पुण्यातल्या संपादकांकडे पुस्तक परिचयांचे गठ्ठे येतात. ऱ्हस्व-दीर्घ हातासरशी सुधारता येतं. काळाचं तसं नाही. एकाच परिच्छेदात नायिका 'येते', 'आली', 'आली होती', आणि कोणती गोष्ट आधीची, कोणती नंतरची, हे वाचणाऱ्याला कळेनासं होतं. त्यावर इथे नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

नमुन्यासाठी एका काल्पनिक कथेवरचा उतारा देतो. चुका मुद्दाम ठेवल्या आहेत.

"कथेची नायिका सुमन सदाशिव पेठेत राहते. तिचे लग्न ठरले होते, पण तिने नकार दिला. वडील तिच्याशी बोलत नाहीत. एके दिवशी जुन्या ट्रंकेत तिला आईची पत्रे सापडली आणि ती वाचत बसते. घरात भांडण होते. ती घर सोडणार होती, पण आजी तिला थांबवते. लेखिकेने आजीचे पात्र ताकदीने रंगवते."

माझं म्हणणं थोडक्यात असं: पुस्तकाच्या आत जे घडतं ते दर वाचनात नव्याने घडतं, म्हणून त्याला वर्तमानकाळ. पुस्तकाबाहेर जे घडून गेलं (लेखन, प्रकाशन, लेखकाचं आयुष्य, पुस्तकावर झालेला वाद) त्याला भूतकाळ. बाकीच्यांनी भर घालावी आणि चुकत असेल तिथे अडवावं.

एरंडवणेकर:
तत्त्व मान्य, पण ते इंग्रजी माध्यमातल्या नियमासारखं कडक करू नका. कथासार भूतकाळात सांगायची मराठीत जुनी आणि चांगली रीत आहे. 'सुमनने नकार दिला, वडील रागावले' यात काहीच चूक नाही. चूक आहे ती पाया न ठरवण्यात. वर्तमान घ्या किंवा भूत घ्या, पण पहिल्या वाक्याच्या आधी ठरवा आणि त्या पायावरची बाकीची रूपं सांभाळा.

मराठीत ही रूपं जोडीनं येतात, आणि ती जोडी माहीत असली की निम्मं काम होतं.

पाया वर्तमानाचा असेल तर चालू प्रसंगाला 'दार उघडते', मागे चाललेल्या गोष्टीला 'पाऊस पडत असतो', आधी होऊन गेलेल्याला 'आईने पत्रे लपवलेली असतात', पुढे ठरलेल्याला 'ती जाणार असते'.

पाया भूताचा असेल तर त्याच क्रमाने 'दार उघडले', 'पाऊस पडत होता', 'आईने पत्रे लपवली होती', 'ती जाणार होती'.

घोटाळा नेमका होतो तो पहिल्या ओळीतलं 'उघडते' घेऊन दुसऱ्या ओळीतलं 'लपवली होती' त्याला जोडल्यावर. '-लेला असतो' हे रूप लोक लिहायला कचरतात, त्यांना ते बोलीतलं वाटतं. पण वर्तमानाच्या पायावर पूर्वीची घटना सांगायला याहून नेमकं रूप मराठीत नाही.

शब्दपालखी:
एरंडवणेकरांच्या जोड्या वापरून उतारा दोन्ही पायांवर लिहून दाखवते.

वर्तमान: "कथेची नायिका सुमन सदाशिव पेठेत राहते. तिचे लग्न ठरलेले असते, पण तिने नकार दिलेला असतो. तेव्हापासून वडील तिच्याशी बोलत नसतात. एके दिवशी जुन्या ट्रंकेत तिला आईची पत्रे सापडतात आणि ती वाचत बसते. घरात भांडण जुंपते. ती घर सोडणार असते, पण आजी तिला थांबवते. लेखिकेने आजीचे पात्र ताकदीने रंगवले आहे."

भूत: "सुमन सदाशिव पेठेत राहत होती. तिचे लग्न ठरले होते, पण तिने नकार दिला होता. तेव्हापासून वडील तिच्याशी बोलत नव्हते. एके दिवशी जुन्या ट्रंकेत तिला आईची पत्रे सापडली आणि ती वाचत बसली. घरात भांडण जुंपले. ती घर सोडणार होती, पण आजीने तिला थांबवले. लेखिकेने आजीचे पात्र ताकदीने रंगवले आहे."

शेवटचं वाक्य दोन्हीकडे तेच राहिलं. ते कथेतलं नाही, कथेबद्दलचं आहे. कथासाराचा पाया बदलला तरी कृतीवरचं भाष्य हलत नाही.

दुसरं, मूळ उताऱ्यात नकार कथा सुरू होण्याआधीचा की कथेत घडणारा, हेच कळत नव्हतं. मी आधीचा धरला. तो कथेतच घडत असेल तर 'ती नकार देते' असं लिहावं लागेल. म्हणजे काळ सुधारायचा तर कथा पुन्हा उघडून पाहावी लागते, नुसत्या व्याकरणावर भागत नाही.

एमएभागदोन:
'भांडण होते' बदलून 'जुंपते' का केलंत? 'होते' वर्तमानकाळच आहे ना?

शब्दपालखी:
आहे, पण ते दोन क्रियापदांचं रूप आहे. 'होणे'चा वर्तमान (भांडण होते, म्हणजे घडते) आणि 'असणे'चा भूत (भांडण होते, म्हणजे आधीपासून होते). नपुंसकलिंगी एकवचनात दोन्ही अक्षरशः सारखी दिसतात. 'लग्न होते', 'युद्ध होते', 'भाषण होते' सगळीकडे हाच पेच. बोलीप्रमाणे 'होतं' लिहिलं तरी सुटत नाही, कारण 'लग्न होतं' हेही दोन्हीकडे लागतं. 'लग्न लागते', 'युद्ध पेटते', 'भाषण रंगते' असं स्वतःचा अर्थ असलेलं क्रियापद घातलं की प्रश्न मिटतो.

मुद्रितवाचक:
आणि शेवटचं 'लेखिकेने रंगवते'. काळ बदलताना राहून गेलेला 'ने'. हा दोष सगळ्यात जास्त दिसतो आणि त्याचं कारण मराठीच्या घडणीत आहे. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं: 'ती पत्र वाचते', पण 'तिने पत्र वाचले', 'तिने चिठ्ठी वाचली', 'तिने कागद वाचले'. त्यामुळे संगणकावर शोधा-बदला करून मराठीत काळ बदलता येत नाही, अख्खं वाक्य पुन्हा बांधावं लागतं.

शिकणे, विसरणे, बोलणे ही क्रियापदं मात्र भूतकाळातही 'ने' घेत नाहीत. 'ती नाव विसरली', 'तो खोटे बोलला'. 'तिने नाव विसरले' असं दिसलं तर थांबायचं.

कसबाकर:
याला लागूनच आदरार्थी बहुवचन. 'हरिभाऊ आपट्यांनी बालविवाहाचे दुःख दाखवले' यात क्रियापद 'दुःखा'प्रमाणे चालतं, लेखकाबद्दलचा आदर क्रियापदात दिसतच नाही. हेच वर्तमानात नेताना लिहिणारा बेसावध असेल तर 'हरिभाऊ दाखवतो' होऊन बसतं. 'हरिभाऊ दाखवतात' हवं. नाव घेतलं की आदरार्थी, आणि नुसतं 'लेखक', 'कवी' म्हटलं तर 'कवी म्हणतो' चालतं. पण एकाच लेखात 'लेखिका म्हणते' आणि चार ओळींनी 'लेखिका म्हणतात' नको.

पात्रांना नात्याचा नियम लावा. आई 'थांबवते', आजी 'थांबवते', वडील आणि आजोबा 'थांबवतात'. कथा ज्या घरातली त्या घरात जसं बोलतील तसं.

एमएभागदोन:
माझी खरी अडचण निवेदनाची आहे. 'बनगरवाडी' (१९५५) मध्ये तरुण मास्तर स्वतःची हकिकत सांगतो, आणि ती भूतकाळात सांगतो. मग मी 'मास्तर बनगरवाडीत येतो' असं लिहिलं तर ते मूळ पुस्तकाशी प्रामाणिक आहे का?

एरंडवणेकर:
आहे. निवेदनाचा काळ निवेदकाचा, तुमच्या लेखाचा काळ तुमचा. मास्तरला ते दिवस मागे पडलेले आहेत, म्हणून तो भूतकाळात बोलतो. तुमच्यापुढे पुस्तक उघडं आहे. 'मास्तर वाडीत येतो, धनगरांचा विश्वास हळूहळू मिळवतो, शेवटी दुष्काळ पडतो आणि माणसे गाव सोडतात' हे बिनदिक्कत लिहा.

अपवाद एकच: निवेदनाचा काळ हाच तुमचा मुद्दा असेल तेव्हा. मग मूळ वाक्य अवतरणात जसंच्या तसं द्यायचं, त्यातलं एकही क्रियापद आपल्या वाक्याला जुळावं म्हणून बदलायचं नाही, आणि बाहेर लिहायचं की 'इथे निवेदक भूतकाळ सोडून वर्तमानात येतो'. अवतरण जुळत नसेल तर आपलं वाक्य मोडून नवं करा.

शब्दपालखी:
'श्यामची आई'वर लिहिताना तर तीन थर एकावर एक येतात. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. हे जगात एकदाच घडलं, भूतकाळ. पुस्तकात श्याम मित्रांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो. हा पुस्तकाचा वर्तमान. आणि त्या आठवणींच्या आत आईचं घर आहे, ते श्यामलाही मागे पडलेलं आहे.

तिसऱ्या थराला काय करायचं? ओझरता उल्लेख असेल तर 'आईने शिकवलेले श्यामला आठवते'. पण एकाच आठवणीवर दोन परिच्छेद लिहायचे असतील तर 'शिकवलेले असते, घाबरलेला असतो, पाठवलेले असते' अशी रांग लागते आणि वाचणारा दमतो. तिथे पहिल्या वाक्यात श्यामला सांगू द्या आणि मग सरळ आत शिरा: 'श्याम पोहायला शिकण्याची आठवण सांगतो. लहानगा श्याम पाण्याला घाबरतो, लपून बसतो. आई त्याला सोडत नाही.' परत मित्रांमध्ये यायचं तेव्हा 'ही आठवण संपवताना श्याम म्हणतो' अशी खूण ठेवा. आत जाताना एक आणि बाहेर येताना एक, एवढं पुरतं.

प्रायोगिक:
नाटकाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. नाटकात संहिता आणि प्रयोग असे दोन विषय असतात आणि त्यांचे काळ वेगळे.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात झाला. जब्बार पटेलांनी दिग्दर्शन केलं. नाटकावरून मोठा वाद झाला. सगळं भूतकाळात, कारण ते त्या त्या दिवशी घडून गेलं. संहितेत मात्र नाना घाशीरामाच्या मुलीवर भाळतो, तिच्या बदल्यात घाशीराम कोतवाली मिळवतो आणि शहरावर सूड उगवतो. वर्तमानकाळ.

याच्या जोडीला इतिहासही आहे. घाशीराम नावाचा कोतवाल पुण्यात खरोखरच होता आणि १७९१ मध्ये लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. नाना फडणवीस १८०० मध्ये वारले. आता 'नाना घाशीरामाला कोतवाल नेमतो' आणि 'नानांनी घाशीरामाला कोतवाल नेमले' ही दोन वेगळी विधानं झाली. पहिलं तेंडुलकरांच्या पात्राबद्दल, दुसरं पेशवाईतल्या माणसाबद्दल. पहिल्याची शहानिशा संहितेत करायची, दुसऱ्याची दफ्तरात. काळ चुकला तर नाटकातलं कृत्य खऱ्या माणसाच्या नावावर जमा होतं. या नाटकाबाबत हा फरक किती नाजूक आहे हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. आदरार्थी रूपही इथे उपयोगी पडतं: पात्र 'नेमतो', इतिहासातले नाना 'नेमतात' किंवा 'त्यांनी नेमले'.

पाहिलेल्या प्रयोगाबद्दल नेहमी भूतकाळ: 'दुसऱ्या अंकात प्रकाश उशिरा आला', 'नटाने हे वाक्य दबक्या आवाजात घेतले'. उद्याच्या प्रयोगात तो ते तसंच घेईल याची हमी नाही. चित्रपटाचं किंवा चित्रित प्रयोगाचं तसं नाही, ते पुस्तकासारखं पक्कं झालेलं असतं, म्हणून तिथे 'नट हे वाक्य दबक्या आवाजात घेतो' बरोबर आहे.

कसबाकर:
ऐतिहासिक कादंबरीलाही हेच लागू. 'स्वामी'तले माधवराव रमाबाईंशी बोलतात, पण पेशवे माधवराव १७७२ मध्ये थेऊरला वारले.

आत्मचरित्राला मात्र वेगळी वाट. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधल्या घटना खऱ्या आहेत. 'रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला' इथे भूतकाळच हवा. पण 'लक्ष्मीबाई हा प्रसंग मोकळेपणाने सांगतात' इथे वर्तमान, कारण सांगणं पुस्तकात आहे. घटना भूतात आणि सांगणं वर्तमानात, एकाच वाक्यात दोन्ही आले तरी बिघडत नाही.

ओवीवाचक:
संतसाहित्यावर लिहिणाऱ्यांसाठी एक अगदी वेगळी अडचण. 'तुका म्हणे' मधलं 'म्हणे', तसंच करी, बोले, देखे, जाय ही जुन्या मराठीतली वर्तमानकाळाची रूपं आहेत. आजच्या मराठीत तीच रूपं रीतिभूतकाळाची झाली: 'तो रोज देवळात जाई' म्हणजे जात असे. त्यामुळे अभंगाचा अर्थ लिहिताना मुलं 'भक्त नाम घेत असे, तुकाराम म्हणत असत' असं लिहितात. अभंगातलं जिवंत विधान त्यामुळे कोणाची तरी जुनी सवय होऊन बसतं. 'भक्त नाम घेतो', 'तुकाराम म्हणतात' हाच अर्थ.

उलट ज्ञानेश्वरीच्या शेवटाकडे शके १२१२ चा उल्लेख असलेली ओवी पाहा. तिथे क्रियापदं 'केली' आणि 'जाहला' अशी आहेत. ग्रंथ कधी झाला आणि कोणी उतरवून घेतला हे सांगताना तिथेही भूतकाळच आहे. मुद्रितवाचकांनी पहिल्या प्रतिसादात केलेली वाटणी आपल्याकडे इतकी जुनी आहे.

एमएभागदोन:
समीक्षकांची मतं देताना? मार्गदर्शकांकडून एकदा 'म्हणतात' कापून 'म्हटले आहे' होऊन येतं, एकदा उलट.

एरंडवणेकर:
दोन्ही बरोबर आहेत, काम वेगळं आहे. मताशी आत्ता वाद घालायचा असेल किंवा त्याचा आधार घ्यायचा असेल तर 'म्हणतात'. ते मत लिखित स्वरूपात उपलब्ध आहे एवढंच नोंदवायचं असेल तर 'म्हटले आहे'. विचार कोणत्या क्रमाने आले हा विषय असेल तर साधा भूतकाळ: 'आधी हे मत मांडले गेले, त्याला उत्तर म्हणून ते आले'. 'म्हटले होते' फक्त तेव्हाच, जेव्हा त्यानंतर काही बदललं आणि ते तुम्ही पुढच्या वाक्यात सांगणार आहात. 'लेखकाने प्रस्तावनेत म्हटले होते' वाचलं की वाचक 'मग?' म्हणून वाट बघतो, आणि पुढे काहीच येत नाही.

याच कारणासाठी लेखकाच्या कारागिरीला पूर्ण वर्तमानकाळ शोभतो: 'योजले आहे', 'रंगवले आहे', 'टाळले आहे'. काम झालेलं आहे आणि त्याचा परिणाम आपल्यापुढे आहे, हे दोन्ही त्यात येतं. दर वाक्याला 'लेखक दाखवतो, लेखक सांगतो, कादंबरी आपल्याला दाखवते' अशी माळ लावली की मराठी वाचल्यासारखं वाटत नाही. 'कादंबरीत दिसते', 'कथेत येते' असंही लिहिता येतं.

मुद्रितवाचक:
इंग्रजीच्या सावलीतला आणखी एक दोष: 'त्याला वाटले की आई रागावली होती.' आई त्या क्षणीच रागावलेली आहे असं म्हणायचं असेल तर मराठीत 'त्याला वाटले, आई रागावली आहे.' बाहेरचं क्रियापद भूतात असलं तरी आतलं आपल्या जागी राहतं. 'होती' लिहिलं तर राग त्याआधीचा आणि आता ओसरलेला, असा अर्थ निघतो. पाया वर्तमानाचा केला तरी आतलं तसंच: 'त्याला वाटते, आई रागावली आहे.'

शब्दपालखी:
'आहे' आणि 'असतो' यांचंही सांगायला हवं. 'नायक शिक्षक आहे' हे भाष्य, पात्राची ओळख. 'नायक तेव्हा पुण्यात शिकत असतो' ही कथेतली वेळ. 'नायक तेव्हा पुण्यात शिकत आहे' लिहिलं तर बातमी वाचल्यासारखं होतं. कथेच्या आतल्या स्थितीला 'असतो', कथेबद्दलच्या विधानाला 'आहे', असं धरलं तर फारसं चुकत नाही.

मुद्रितवाचक:
तपासणीची रीत सांगतो, छापील प्रतीवर करायची. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून लेख न वाचता फक्त पूर्णविरामाच्या आधीचे शब्द वरून खाली वाचत जायचे. राहते, असतो, सापडतात, जुंपते, आणि मध्येच 'सापडली' आली तर ती लगेच खटकते. प्रत्येकासमोर पेन्सिलीने 'आ' (पुस्तकाच्या आतलं) किंवा 'बा' (बाहेरचं) लिहायचं. 'आ' सगळे एका पायावर आहेत का, 'बा' मध्ये तारखा भूतात आणि भाष्य 'आहे'त आहे का, ते पाहायचं. मग दुसऱ्या फेरीत फक्त कर्ते पाहायचे: 'ने' आणि 'नी' कुठे चुकून राहिले आहेत ते. संगणकावर 'होते' शोधून प्रत्येक जागी 'घडते' ठेवून वाचायचं. दोन्ही अर्थ लागत असतील तर क्रियापद बदलायचं. 'घेत असे' सारखा रीतिभूतकाळ पकडायला नुसतं 'असे' शोधू नका, 'अशा प्रकारे' या अर्थाचे इतके निघतात की काम अडतं. 'त असे' शोधा.

कसबाकर:
दहावीच्या रसग्रहणाला हे कसं लावायचं? पालक विचारतात.

ओवीवाचक:
आशयसौंदर्य वर्तमानात: 'कवी तुतारी मागतो'. 'तुतारी'चे कवी केशवसुत १९०५ मध्ये वारले, तरी कविता मागतेच आहे. काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं पूर्ण वर्तमानात: 'रूपक वापरले आहे', 'यमक साधले आहे'. कवीचा परिचय द्यायचा झाला तर एक वाक्य, भूतकाळात, आणि ते सुरुवातीलाच. ते मधे घातलं की मुलं पुढची सगळी क्रियापदं नकळत भूतकाळात नेतात.